सावली पायाखाली येते तेव्हा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आपल्या रत्नागिरीत एक गोष्ट घडते आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाही. ७ किंवा ८ तारखेला दुपारी साडेबारा वाजून दोन-तीन मिनिटांनी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. अंगणात ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी त्या क्षणी सावली टाकत नाही. सावली असते, पण ती काठीच्या बुडाशी दडून बसते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. रत्नागिरी साधारण १७ उत्तर अक्षांशावर आहे आणि उत्तरेकडे सरकणारा सूर्य या सुमाराला १७ अंशांवर पोहोचतो, इतकाच याचा अर्थ. असाच योग पुन्हा ऑगस्टच्या ५ तारखेच्या आसपास येतो. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. सूर्यच दिसत नाही तिथे सावली कुठली दिसणार?

मी भूगोलाचा शिक्षक. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरीत असताना दर मे महिन्यात सुट्टीत गावात असलेल्या मुलांना गोळा करायचं, शाळेच्या पटांगणात काठी रोवायची आणि अर्धा तास आधीपासून सावलीच्या टोकावर खडे ठेवत बसायचं, हा माझा नेम होता. मुलं कंटाळायची. ‘गुरुजी, आंबे पाडायला जाऊ का?’ म्हणून विचारायची. पण सावली अगदी नाहीशी झाली की ती गप्प व्हायची. ज्याने पुस्तकात कर्कवृत्त आणि मकरवृत्त पाठ केलेलं असतं, त्याच्या पायाखाली ते ज्ञान त्या क्षणी येऊन उभं राहतं.

त्यातलाच एक विद्यार्थी पुढे बोटीवर गेला. आपल्या जिल्ह्यातली किती तरी मुलं दर्यावर जातात, त्यांतलाच एक. एकदा रजेवर आला तेव्हा चीनमधल्या एका बंदरात मिळालेलं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आला. ‘गुरुजी, तुमच्या सावलीचा दिवस यांच्याकडे पण आहे,’ म्हणाला. मे महिन्याच्या ५ तारखेच्या चौकोनावर बोट ठेवून त्याने मला तिथली दोन अक्षरं दाखवली. उच्चार साधारण ‘लीश्या’. अर्थ, उन्हाळ्याचा प्रारंभ.

त्याचं म्हणणं तंतोतंत खरं नव्हतं, पण अगदी खोटंही नव्हतं. चिनी लोकांनी फार पूर्वीपासून सूर्याच्या वार्षिक मार्गाचे २४ सारखे भाग केले आहेत. वर्तुळाचे ३६० अंश, त्यांचे पंधरा-पंधरा अंशांचे २४ तुकडे. वसंतसंपातापासून मोजायला लागलं की सूर्य ४५ अंशांवर येतो तो दिवस लीश्याचा. तो दर वर्षी ५ किंवा ६ मेलाच येतो. त्यांचं नवं वर्ष आपल्या पाडव्यासारखं चंद्रावर चालतं आणि पुढेमागे होतं. पण शेतीची कामं या २४ टप्प्यांवर चालतात आणि ते टप्पे हलत नाहीत. २०१६ साली युनेस्कोने या गणनेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

लीश्याच्या दिवशी प्राचीन काळी खुद्द राजा लाल वस्त्रं नेसून, दरबाऱ्यांना घेऊन राजधानीच्या दक्षिण वेशीबाहेर उन्हाळ्याला सामोरा जात असे, असं त्यांच्या जुन्या ग्रंथांत आहे. साध्या घरांमध्ये आजही काही प्रांतांत मुलांच्या गळ्यात विणलेल्या जाळीतून उकडलेलं अंडं अडकवतात आणि मुलं ती एकमेकांवर आपटून कोणाचं फुटतं ते बघतात. कुठे मोठ्या तराजूत बसवून माणसांचं वजन करतात. पुढच्या उन्हाने अंग झडू नये, ही त्यामागची काळजी. आपल्याकडेही आई म्हणतेच ना, ‘मे महिन्यात पोरगं वाळून गेलं!’

मी कॅलेंडर समोर ठेवून गणित मांडलं. सूर्य ४५ अंशांवर असतो तेव्हा तो पृथ्वीवर कुठल्या अक्षांशावर असेल? उत्तर आलं १६ अंश २० कला. श्रोतेहो, हा अक्षांश आपल्या देवगडजवळच्या कुणकेश्वराचा आहे! म्हणजे चीनमध्ये लोक उन्हाळा लागला म्हणतात त्या दिवशी दुपारी सूर्य कुणकेश्वराच्या कळसावर असतो. तिथून तो दिवसाला साधारण पाव अंशाहून थोडा अधिक, असा किनाऱ्याने वर सरकतो. दोन दिवसांनी रत्नागिरी, त्यानंतर दोन दिवसांनी गुहागर, १० तारखेच्या सुमाराला दापोलीजवळचं मुरूड. त्यांचा उन्हाळा आपल्या किनाऱ्यावरून चालत जातो म्हणा ना!

गंमत अशी की त्यांचा उन्हाळा सुरू होतो तेव्हा आपला संपत आलेला असतो. त्यांच्या हिशेबात ५ मे ते ७ ऑगस्ट हा उन्हाळा, आणि २१ जूनचा सर्वांत मोठा दिवस त्याच्या बरोबर मध्यावर. आकाशाच्या दृष्टीने हे अगदी चोख आहे. पण कोकणात २१ जूनला आपण छत्री घेऊन उभे असतो. सूर्य डोक्यावर असूनही जूनमध्ये उकाडा उतरतो, कारण मध्ये ढग येतात. सूर्य एकच, पण ऋतू जागेप्रमाणे वेगळा.

आपल्याकडेही दोन हिशेब शेजारी शेजारी चालत आले. सण चंद्रावर, शेत सूर्यावर. गणपती कधी ऑगस्टमध्ये येतात, कधी सप्टेंबरमध्ये, पण मिरग ७ किंवा ८ जूनलाच लागतो. कारण शेतकऱ्याचं नक्षत्र म्हणजे सूर्याचं नक्षत्र. चिन्यांनी वर्षाचे २४ भाग केले, आपण २७. त्यांचा टप्पा पंधरा दिवसांचा, आपला साडेतेरा दिवसांच्या आसपास. लीश्याच्या वेळी आपल्याकडे सूर्य भरणीत असतो. ११ मेला कृत्तिका, २५ मेच्या सुमाराला रोहिणी, मग मिरग. आणि पाहा, त्यांच्या २४ टप्प्यांपैकी ‘मांगचुंग’ नावाचा कुसळाच्या धान्याच्या कापणी-पेरणीचा टप्पा ५ किंवा ६ जूनला येतो. आपल्या मिरगाच्या दोन-तीन दिवस आधी! हजारो मैलांवरच्या दोन शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता काढलेलं हे जवळजवळ एकच उत्तर आहे.

जवळजवळ म्हणालो, कारण दोन्हींत एक मोठा फरक आहे. चिनी गणना संपातापासून होते, म्हणजे आपल्या भाषेत ती सायन. आपली नक्षत्रं ताऱ्यांपासून मोजलेली, म्हणजे निरयण. संपातबिंदू हळूहळू मागे सरकतो, त्यामुळे आपल्या नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातात. एका आयुष्यात हे जाणवत नाही, पण दीड हजार वर्षांत तीन आठवड्यांचा फरक पडतो.

हा वाद आपल्या जिल्ह्याच्या घरातला आहे. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर ते सायन पंचांगाच्या बाजूने उभे राहिले. महिने ऋतूंना धरून चालले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी निरयण गणना ठेवली, पण पंचांग वेधाशी जुळावं म्हणून जन्मभर खटपट केली. टिळक पंचांग मानणारी घरं आजही आपल्याकडे आहेत आणि त्यांची संक्रांत १४ जानेवारीऐवजी १० जानेवारीला येते, हे तुम्ही जाणताच. पुढे १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून सौर राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. नभोवाणीवर तुम्ही ‘भारतीय सौर’ म्हणून जी तारीख ऐकता, ती हीच. त्या दिनदर्शिकेत वैशाख २१ एप्रिलला सुरू होतो आणि तिथूनच ग्रीष्म ऋतू धरला आहे. मुरूडच्या दीक्षितांचं म्हणणं असं दिल्लीपर्यंत पोहोचलं, पण आपण ती तारीख ऐकतो आणि विसरतो.

इथपर्यंत मी तुम्हाला भूगोलाचा तास दिला. आता माझी एक चूक सांगतो. खरं तर तेवढ्यासाठीच आज मी इथे बसलो आहे.

माझे वडील फार शिकलेले नव्हते. पण त्यांची एक वही होती, पिवळट पानांची, सुतळीने शिवलेली. प्रत्येक वर्षाला एक पान. मोहोर कधी आला, पहिली पेटी कधी गेली, आमसुलं कधी घातली, धूळपेर कधी केली, पहिला पाऊस कधी पडला, अशा नोंदी शाईने, तारखेने आणि नक्षत्राने. निवृत्त झाल्यावर मी त्या तारखा एका तक्त्यात उतरवल्या. वाडीतली माणसं मला विचारायला लागली. ‘गुरुजींना विचारा, त्यांच्याकडे हिशेब आहे.’ खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं.

माझी एक चुलत वहिनी आहे. चुलतभाऊ गेल्यापासून कोकमावर आणि आंबापोळीवर ती घर चालवते. आमसुलं करणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. कोकमाची सालं मिठाच्या रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटांवर पुटं द्यायची. आठ-दहा दिवस कडक ऊन हवंच. २०२५ च्या मे महिन्यात, सावलीच्या दिवशी, मी अंगणात काठी रोवून बसलो होतो तेव्हा ती आली.

‘भावोजी, कोकमं निम्मी पिकलीयत. आत्ताच काढून घेऊ की थांबू?’

मी म्हटलं, ‘थांब. पुरती पिकू देत. अजून कृत्तिका लागायच्यात. रोहिणीपर्यंत ऊन कुठे जात नाही.’

ती जरा घुटमळली. म्हणाली, ‘पण चुलीमागच्या भिंतीला मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यायत. आणि चार दिवस झाले, वारा पण खालून येतोय, दमट.’

मी हसलो. मुंग्यांना पंचांग कळत नाही, असं काहीसं बोललोही. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. माझा शब्द तिने मानला.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. १० मेलाच हवामान खात्याने सांगितलं होतं की पाऊस या वर्षी केरळात लवकर, २७ तारखेच्या सुमाराला पोहोचेल. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. २० तारखेच्या सुमारास आपल्याकडे धो धो सुरू झाला. अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र २४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला. नेहमीची तारीख १ जून. मुंबईत तो २६ मेला पोहोचला, जिथे नेहमीची तारीख ११ जून. रोहिणी लागली तेव्हा शेतात पाणी उभं होतं. धूळपेरीला धूळच नव्हती.

वहिनीची कोकमं झाडावरच कुजली. जी काढली होती त्यांना दोन पुटं मिळाली, पुढे बुरशी आली. लाकूडफाटा भिजला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. जूनमध्ये एकदा तिच्याकडे गेलो तर चूल धुमसत होती आणि ती डोळे पुसत फुंकणीने फुंकत होती. धुराने की कशाने, मी विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात मी वडिलांची वही पुन्हा काढली. या वेळी तक्ता केला नाही, नुसती वाचली. आणि मला दिसलं ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं. शाईतल्या नोंदींच्या उजवीकडे, समासात, पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. काही ठिकाणी पुसट झालं होतं. ‘मुंग्या चौथऱ्यावर.’ ‘गाज दक्षिणेकडून.’ ‘पावशा लवकर.’ ‘बहावा उशिरा.’ आणि एका पानावर, ‘नक्षत्र राहिलं बाजूला, आमसुलं आठ दिवस आधी घातली. वाचली.’

मी शाई उतरवून घेतली होती आणि पेन्सिल सोडून दिली होती.

मग मला ते चिनी कॅलेंडर आठवलं. त्याच्याविषयी एक गोष्ट मी मघाशी सांगितली नाही. त्या २४ टप्प्यांपैकी प्रत्येकाचे त्यांनी पाच-पाच दिवसांचे तीन भाग केले आहेत. असे वर्षाचे ७२. आणि प्रत्येक भागासमोर तारा किंवा अंश नाही, जमिनीवर काय दिसतं ते लिहिलेलं आहे. लीश्याच्या पहिल्या पाच दिवसांत रात्री बेडकांचा आवाज सुरू होतो, कोणी म्हणतात किड्यांचा. दुसऱ्या पाच दिवसांत गांडुळं वर येतात. तिसऱ्यात रानातला एक वेल वाढीला लागतो. सूर्याचा हिशेब इतका पक्का करणाऱ्या लोकांनी, तेराव्या शतकात सावली मोजायला मनोऱ्याएवढी वेधशाळा उभारणाऱ्या लोकांनी, त्या हिशेबाशेजारी गांडूळ लिहून ठेवलं. का? सूर्य केव्हा कुठे असेल ते गणिताने कळतं, पण जमीन काय करते आहे ते वाकून बघावं लागतं, म्हणून. आणि ही ७२ चिन्हंही उत्तर चीनच्या मैदानातली आहेत. दक्षिणेकडे ती तशीच्या तशी जुळत नाहीत. प्रत्येक मुलखाला आपला समास आपणच लिहावा लागतो.

मुंग्यांना पावसाची तारीख कळते असं मी आजही म्हणणार नाही. मी विज्ञान शिकवलेला माणूस आहे. पण हवेतला दमटपणा बदलला, वारा फिरला, की काही तरी बदलतं आणि उघड्या डोळ्यांनी वावरणाऱ्या माणसाला ते दिसतं. शिवाय आज आपल्याला उपग्रहाची चित्रं आहेत, हवामान खात्याचे इशारे आहेत. तीही पेन्सिलच आहे, माझ्या वडिलांकडे नव्हती अशी. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं, २०२१ साली मेच्या मध्यात तौक्ते आलं. मे महिना पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अशा दिवसांत नुसत्या नक्षत्रावर बसून राहणं म्हणजे समोर माणूस बोलत असताना त्याचा जुना फोटो बघत बसणं.

म्हणून सूर्याचं पंचांग टाकून द्यायचं का? मुळीच नाही. सगळं हलत असताना न हलणारी एक तरी खूण लागतेच. ती नसेल तर यंदा पाऊस लवकर आला की उशिरा, हे तरी कशाच्या मानाने म्हणणार? वडिलांनी शाईची तारीख लिहिली म्हणून त्यांना ‘आठ दिवस आधी’ असं लिहिता आलं.

त्या पावसाळ्यात मी वहिनीकडे एक नवी वही घेऊन गेलो. म्हटलं, ‘वहिनी, माझं चुकलं. यापुढे डावीकडची तारीख मी घालतो. उजवीकडे तुला जे दिसेल ते तू लिही.’ तिने वही उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, ‘माझं अक्षर तुमच्यासारखं नाही हो भावोजी.’ मी म्हटलं, ‘पेन्सिलीने लिही.’

तर श्रोतेहो, येत्या ७ मेला दुपारी साडेबाराला अंगणात या. एक सरळ काठी रोवा, घरातल्या मुलांना बोलवा. सावली नाहीशी होताना पाहा आणि तारीख लिहून ठेवा. मग मान खाली घालून जरा इकडेतिकडेही बघा. भिंतीवर, झाडाबुडी, विहिरीच्या काठावर. जे दिसेल तेही तारखेशेजारी लिहा. आणि घरातलं कोणी काही दिसलं म्हणून सांगायला आलं, तर हसू नका. मी हसलो होतो.